जूनमधले अपूर्णांक

आमच्या वन्संना सृष्टी निर्माण करायच्या कामावर नेमलं असतं, तर त्यांनी पहिल्या दिवशी सूर्य केला नसता. आधी त्या घरोघर विचारत फिरल्या असत्या, की बाबांनो, तुम्हाला उजाडलेलं किती वाजता सोयीचं पडेल, रात्रपाळी करून आलेल्यांसाठी जरा मंदसा दुसरा सूर्य लागेल का, आणि ज्यांना उन्हाची सवय नाही त्यांना सुरुवातीचे काही दिवस नुसत्या पहाटेवर ठेवावं का. सृष्टी व्हायला उशीर झाला असता हे खरं, पण जी झाली असती ती सगळ्यांच्या अंगाला नीट बसली असती. वन्संचं म्हणणंच असं होतं, की जगातल्या बहुतेक गोष्टी चांगल्या असतात, फक्त त्या कुणा दुसऱ्याच माणसाच्या मापाच्या शिवलेल्या असतात.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची, दिलीपची, मोठी बहीण. आईवडील लवकर गेल्यामुळे त्यांनीच दिलीपला वाढवला, शिकवला, ट्रॉम्बेच्या नोकरीला लावला आणि त्याच्यासाठी मुलुंडहून मला शोधून आणलं. स्वतः लग्न केलं नाही. "विचारायला आले ते सगळे छापील होते," एवढंच त्या सांगायच्या. आमचं घर अंधेरी पश्चिमेला, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं, आणि वन्संची शाळा वेसाव्याच्या बाजूला. तिथे त्या वर्षानुवर्षं चौथीला शिकवत होत्या. उंचीने बेताच्या, आवाजाने मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या. घरात मीठ मागितलं तरी ते शेजारच्या बिऱ्हाडातून आणून देतील अशा आवाजात मागायच्या.

लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी मी पोळ्या लाटायला बसले. माहेरी सगळा स्वयंपाक आईच करायची, त्यामुळे माझी पहिली पोळी ताटात पडल्यावर दिलीप काही बोलला नाही, आणि त्याचं ते न बोलणंच मला जास्त लागलं. वन्संनी माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि विचारलं, "तुला काय काय येतं?" मी खरं ते सांगितलं, की पोहे येतात. "मग पोह्यांपासून सुरुवात. गोल पोळी हा शेवटचा धडा असतो गं. पहिला धडा म्हणजे तिघं माणसं खाऊन वेळेवर बाहेर पडणं." त्या दिवसापासून माझ्यासाठी स्वयंपाकाचा अभ्यासक्रम आखला गेला. पोह्यांतून फोडणी, फोडणीतून आमटी, आमटीवरून भाताचा अंदाज, अशा पायऱ्या चढत मी पोळीपाशी पोचले तोवर दिवाळी आली होती. मधल्या काळात दिलीप पोहे या विषयात निष्णात झाला. एकदा त्याने धीर करून विचारलं, "ताई, हिला वरच्या वर्गात कधी घालणार?" वन्सं म्हणाल्या, "तिची तयारी झाली की. तुझं पोट म्हणजे काही परीक्षेचं केंद्र नाही."

हा उद्योग घरापुरता राहिला असता तर एक वेळ चाललं असतं. आमच्या तळमजल्यावरच्या काकांनी निवृत्त झाल्यावर हौसेने स्कूटर घेतली, आणि जिन्यात वन्संशी बोलताना ते चुकून म्हणाले, की घेतली खरी, पण पडायची भीती वाटते. वन्सं जन्मात स्कूटरवर बसल्या नव्हत्या. पण शिकणाऱ्याला कशाची भीती वाटते हे कळलं की निम्मा अभ्यासक्रम तयार होतो, असं त्यांचं मत होतं, त्यामुळे उरलेला निम्मा त्यांनी जिन्यातच तयार केला. "चालवायचं नंतर बघू. आधी थांबायला शिका." मग काका रोज संध्याकाळी कंपाउंडात, स्टँडवर उभ्या केलेल्या स्कूटरवर बसून नुसता ब्रेक दाबत. येणारे-जाणारे विचारत, "काय काका, कुठपर्यंत पोचलात?" आणि काका गंभीरपणे सांगत, "अजून निघालो नाही." पुढे ते निघाले, आणि आमच्या सोसायटीत कधीही न पडलेला स्कूटरवाला म्हणून त्यांचं नाव झालं. समोर कावळा बसलेला दिसला तरी ते थांबत, ही गोष्ट वेगळी.

पण वन्संचं खरं रणांगण शाळा. दरवर्षी मे महिना संपत आला की त्या गॅलरीत खुर्ची टाकून छापील अभ्यासक्रमाचं पुस्तक उघडत, आणि भाडेकरूने घरमालकाचे नियम वाचावेत तसा संशय धरून ते वाचत. त्यातल्या कुठल्या धड्याबद्दल त्यांची तक्रार नसे. तक्रार असे ती क्रमाबद्दल. "हे ज्या मुलासाठी लिहिलंय ना, त्याला मला एकदा भेटायचंय," त्या म्हणत. "तो कधी आजारी पडत नाही, गणपतीला गावी जात नाही, त्याच्या घरी तान्हं भावंड नाही, आणि त्याचा बाप बारा महिने घरी असतो. असा मुलगा मी तरी अजून पाहिला नाही." त्यांच्या वर्गातली निम्मी मुलं वेसावे कोळीवाड्यातली आणि बरीचशी कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांची. नारळी पौर्णिमा झाली की होड्या दर्यात जायच्या, आया पहाटे टोपल्या घेऊन बाजाराला निघायच्या, आणि चौथीतल्या मुली घरी धाकट्या भावंडांना सांभाळत राहायच्या. वन्सं त्यांना निरोप धाडत, "भावाला घेऊन ये, पण ये." त्यामुळे श्रावण सरता सरता वर्गात शेवटच्या ओळीत दोन-तीन बाळं दुपट्यावर झोपलेली असत. मागोमाग गणपतीला कोकणातली मुलं जात. आणि नेमके त्याच दिवसांत छापील क्रमाप्रमाणे गणितात अपूर्णांक येत. "मुलं अर्धी असताना अपूर्णांक शिकवायचे," वन्सं म्हणत, "ही कुणीतरी केलेली थट्टा आहे."

एका वर्षी त्यांनी ही थट्टा बंद करायचं ठरवलं. जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, बापलोक जाळी विणत घरात असतात, आयाही घरात असतात आणि पावसात हुंदडायला मिळत नाही म्हणून मुलं आपण होऊन शाळेत येतात. तेव्हा वर्षातली सगळ्यात अवघड गोष्ट, म्हणजे अपूर्णांक, जूनमध्ये घ्यायची. भूमिती, म्हणजे कोन आणि त्रिकोण, जी छापील क्रमात सुरुवातीला होती, ती दिवाळीनंतर. श्रावण-भाद्रपदात कविता, उजळणी, परिसर अभ्यास, ज्यात एखादा दिवस बुडला तरी मूल बुडत नाही. हेडसरांपुढे हा बेत मांडला तेव्हा ते हवालदिल झाले. हेडसर तसे सज्जन गृहस्थ, पण वरून आलेल्या कुठल्याही कागदापुढे ते आपोआप उभे राहत.

"बाई, छापलेल्या क्रमाला काही अर्थ असतो," ते म्हणाले.

"असतो ना सर. तो छापणाऱ्याच्या सोयीचा असतो."

"आणि तपासणीला साहेब आले म्हणजे?"

"म्हणजे मी आहे की."

हेडसरांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. वन्संच्या हिशेबी ते हो होतं. चौथीच्या दोन तुकड्या होत्या. अ तुकडी वन्संकडे, आणि ब तुकडी त्याच वर्षी लागलेल्या सुलभा नावाच्या तरुण बाईंकडे. दोन्ही तुकड्या एकाच क्रमाने चालल्या पाहिजेत म्हणून वन्संनी पहिल्याच दिवशी तिला नवा क्रम सांगितला, आणि सुलभा मान हलवून "बरं बाई" म्हणाली. वाकोल्याहून यायची ती, सडपातळ, हळू बोलणारी, वर्षाच्या बोलीवर नेमलेली. कायम व्हायचं की नाही हे तपासणीच्या शेऱ्यावर अवलंबून होतं. अशी माणसं "बरं बाई" याशिवाय दुसरं काय म्हणणार, हे तेव्हा वन्संच्या ध्यानात आलं नाही.

जुलै संपताना घटक चाचणी झाली. प्रश्नपत्रिका आसपासच्या सगळ्या शाळांना मिळून एकच यायची, आणि तिच्यात अर्थातच छापील क्रमाप्रमाणे कोन आणि त्रिकोण होते. वन्संच्या मुलांनी त्रिकोण पाहिलेलाच नव्हता. एका हुशार मुलाने तर त्रिकोणाच्या तीन बाजू पाहून खाली "एक छेद तीन" असं लिहून टाकलं. अ तुकडीचा निकाल वाईट लागला, पण ते वन्संनी गृहीतच धरलं होतं. "आत्ता पडतील, वार्षिकला उठतील," म्हणाल्या. धक्का बसला तो ब तुकडीचा. कोन तर त्यांना येत नव्हतेच, पण म्हणून वन्संनी तोंडी चार अपूर्णांक विचारले तर तेही येत नव्हते. दोन महिने शिकून वर्ग होता तिथेच होता. हेडसरांनी दोघींना बोलावून सांगितलं, की गणपती झाले की साहेब तपासणीला येणार आहेत, ते यंदा नव्या बाईंचा वर्ग बघतील, आणि जे काय व्हायचं ते सुलभाबाईंच्या नोकरीचं होईल.

बाहेर आल्यावर वन्संनी आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "अगं, दोन महिने काय शिकवत होतीस तू?"

सुलभा व्हरांड्यात थांबली. पहिल्यांदाच ती जरा मोठ्याने बोलली असेल. "बाई, तुम्ही मुलांना काय सोयीचं ते बघितलंत. मला नाही विचारलंत. मला शाळेत असल्यापासून अपूर्णांक कळत नाहीत. मी नोकरी धरली तेव्हा पुस्तकात बघितलं, ऑगस्टमध्ये येतात. म्हटलं दोन महिने आहेत, तोवर शिकून घेऊ. तुम्ही ते पहिल्या दिवशीच आणून ठेवलेत."

हे सगळं वन्संनी घरी येऊन आम्हाला सांगितलं, आणि मग त्या बोलायच्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी मीठ हळू आवाजात मागितलं. दिलीपने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. शेवटी रात्रीच्या जेवणाला बसल्यावर त्याच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "दिलीप, मी ब्लाउज शिवला, पण माप दुसरीचं घेतलं." आणि रविवारी सकाळी उठून, मला बरोबर घेऊन, त्या वाकोल्याला निघाल्या.

सुलभाचं घर शोधायला आम्हाला बराच वेळ लागला. गल्लीतून गल्ली फुटत होती आणि वन्सं प्रत्येक वळणावर कुणाला तरी थांबवून पत्ता विचारत होत्या. एका खोलीत सासूसासरे, दीर आणि ही दोघं. सासूबाईंनी चहा टाकला. वन्सं पाटावर बसल्या आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "सुलभा, माझं चुकलं. मी तुला विचारायला हवं होतं. आता विचारते. तुला काय पाहिजे?" मी मनात म्हटलं, आता ही पोर रडणार. पण ती रडली नाही. वन्संनी वाटेत एक तोडगा काढून ठेवला होता, तो त्यांनी सांगून टाकला, की तू दोन्ही तुकड्यांची भाषा घे, मी दोन्हींचं गणित घेते, तुझी सुटका. सुलभा म्हणाली, "नको बाई. मला सुटका नको. उद्या तुम्ही नसलात तर मी काय करू? तुम्ही मुलांना शिकवायच्या आधी मला शिकवा. तेवढंच पाहिजे." वन्संनी तिच्याकडे असं बघितलं, की मला वाटलं, छापील नसलेलं स्थळ त्यांना इतक्या वर्षांत भेटलं नसेल, पण छापील नसलेली बाई आज भेटली.

नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. त्यानंतर वर्ग रिकामा होणार, म्हणजे जे काय करायचं ते त्याआधी. मग सुलभा शाळा सुटली की आमच्याकडे यायची, संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात वन्संची शिकवणी, आणि आम्ही दोघं कामावरून आलो की तिची परीक्षा. परीक्षा म्हणजे तिने आम्हाला चौथीतली मुलं समजून शिकवायचं. मी गुणी विद्यार्थिनी होते, त्यामुळे माझा काही उपयोग नव्हता. दिलीप मात्र आयुष्यभर वाट बघत असल्यासारखा ढ विद्यार्थी झाला. दिवसभर ट्रॉम्बेला कसलीकसली समीकरणं सोडवून आलेला हा माणूस संध्याकाळी जमिनीवर मांडी घालून नाक ओढत बसायचा आणि म्हणायचा, "बाई, कळलं नाही."

एके दिवशी वन्संनी भाकरीचे तुकडे करून सुलभाला सगळं समजावून ठेवलं होतं. अर्धी भाकरी, पाव भाकरी, सगळं यथास्थित. सुलभाने ते तसंच आम्हाला सांगितलं. दिलीपने हात वर केला. "बाई, एक छेद चार मोठं की एक छेद तीन?"

"एक छेद तीन."

"असं कसं? चार तर तीनापेक्षा मोठे असतात ना."

सुलभाने भाकरी पुढे केली. दिलीप म्हणाला, "बाई, मला भाकरी आवडत नाही. मी भात खातो." सुलभाचा चेहरा लाल झाला. तिने वन्संकडे बघितलं. वन्सं बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्यांचा पदर ओढला, आणि त्या थांबल्या. त्यांना थांबताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सुलभा खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर धो धो पाऊस होता. मग ती सावकाश म्हणाली, "बरं. तू शाळेतून घरी चाललास. पाऊस पडतोय. छत्री एकच आहे आणि तुम्ही तिघं जण आहात. चालेल?"

"चालेल."

"आता चौथा आला. म्हणाला मलाही घ्या. आता काय होईल?"

दिलीपने खरोखरच विचार केला. "माझा खांदा भिजेल."

"मग तुझ्या वाट्याला छत्री जास्त आली की कमी?"

"कमी."

"माणसं वाढली तर वाटा कमी. छेद म्हणजे माणसं. आता परत विचारलंस तर गॅलरीत उभा करीन."

हे शेवटचं वाक्य ती खरोखरच दरडावून बोलून गेली आणि मग जीभ चावून "सॉरी हं भाऊजी" म्हणाली. पण दिलीप तोवर आपण होऊन गॅलरीत जाऊन उभा राहिला होता आणि हसत होता. वन्सं मात्र हसल्या नाहीत. त्या भाकरीचे तुकडे गोळा करत होत्या. ते डब्यात ठेवून म्हणाल्या, "इतकी वर्षं मी मुलांना भाकरी दाखवत आले. जूनमध्ये शिकवायचं ठरवलं, आणि जूनमध्ये पाऊस असतो एवढं मला सुचलं नाही." दुसऱ्या दिवशी अ तुकडीतही छत्री उघडली गेली. वन्संनी वर्गाला स्पष्ट सांगितलं, की ही शेजारच्या बाईंची युक्ती आहे, मी मागून आणली आहे.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या गेल्या, गणपती आले आणि गेले, आणि साहेब आले. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण वन्संच्या, सुलभाच्या आणि हेडसरांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की मी तिथेच होते असं मला वाटतं. साहेब भर पावसात आले, हातात निथळती छत्री, आणि थेट चौथी ब मध्ये शिरले. निम्मी मुलं गावाहून परतायची होती, एक बाळ शेवटच्या बाकाखाली झोपलेलं होतं. वन्सं आपल्या वर्गात शुद्धलेखन घालून व्हरांड्यात येऊन उभ्या होत्या. त्यांना आत जायची सोय नव्हती, आणि मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपला आवाज कुठे ठेवावा हे कळत नव्हतं.

साहेबांनी पुस्तक उघडून त्रिकोण विचारला. सुलभा म्हणाली, "साहेब, भूमिती आम्ही दिवाळीनंतर घेणार आहोत. आज विचारायचं तर अपूर्णांक विचारावेत."

"म्हणजे? क्रम कुणी बदलला?"

"आम्ही. या दिवसांत वर्ग भरत नाही. आपण बघताय ना. म्हणून अवघड ते पावसाळ्याच्या सुरुवातीलाच घेतलं, सगळे हजर असताना."

साहेबांनी हेडसरांकडे बघितलं. हेडसर नेहमीसारखे उभेच होते. हात मागे बांधून ते म्हणाले, "हो साहेब. हा शाळेचा निर्णय आहे." बाहेर वन्संनी व्हरांड्याचा खांब धरला. हेडसर असं काही बोलतील हे त्यांनी कुठल्याच अभ्यासक्रमात धरलं नव्हतं.

साहेबांनी पहिल्या बाकावरच्या एका मुलीला उठवलं आणि विचारलं, एक छेद पाच मोठं की एक छेद चार. कोळीवाड्यातली होती ती. आधीचा पूर्ण आठवडा आई बाजारात जाते म्हणून घरी राहिलेली. ती म्हणाली, "एक छेद चार, सायेब. पाच जन आले त खांदा भिजतं."

साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी तिला पुन्हा सांगायला लावलं. तिने त्यांच्याच हातातल्या छत्रीकडे बोट दाखवून सगळं समजावून सांगितलं, कोण आत राहील, कोण किती भिजेल, आणि सहावा आला तर त्याने सरळ पळत सुटावं हेही. साहेब छत्रीकडे बघत राहिले. मग त्यांनी आणखी तिघाचौघांना विचारलं, बाकाखालच्या बाळाचं नाव विचारलं, आणि जाताना हेडसरांना म्हणाले, "क्रमाचं मी काही पाहिलं नाही. मुलं मात्र पाहिली." सुलभाच्या वर्गापुढे त्यांनी "समाधानकारक" लिहिलं. खात्याच्या भाषेत याच्या वर फारसं काही नसतं. दिवाळीनंतर भूमिती झाली, वार्षिकला दोन्ही तुकड्या व्यवस्थित वर गेल्या आणि सुलभा कायम झाली.

त्यानंतर दर मे महिन्यात एका रविवारी आमच्या दोन खोल्यांत शाळेतली अख्खी शिक्षकमंडळी जेवायला यायची. जेवणं झाली की वन्सं प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायच्या, "कुठला धडा आला की तुमच्या पोटात गोळा येतो?" पहिल्यांदा सगळे म्हणाले, कुठलाच नाही. मग शिऱ्याची दुसरी वाटी गेली आणि माणसं खरं बोलू लागली. कुणाला गायनाची भीती, कुणाला व्याकरणाची. शेवटी हेडसर खाली बघत म्हणाले, "मला तिसरीच्या भूगोलातल्या दिशा कळत नाहीत. नकाशात वर उत्तर असते. भिंतीवर वर छत असतं." कुणी हसलं नाही. वन्संनी त्यांना शिरा वाढला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वेसाव्याच्या किनाऱ्यावर नेऊन, मावळता सूर्य समोर ठेवून, नकाशा वाळूवर आडवा पसरला. दिशा तासाभरात कळल्या. त्या जून महिन्यात तिसरीचा भूगोल हेडसरांनी स्वतः मागून घेतला, आणि महिनाभर ते दिसेल त्याला पूर्व दाखवत होते.

ऐंशीचं दशक संपता संपता वन्सं निवृत्त झाल्या. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, आणि सुट्टीत त्या ठीक होत्या. जून लागला तशा मात्र त्या घरात मावेनाशा झाल्या. डाळींच्या डब्यांचा क्रम त्यांनी पुन्हा लावला, मग पुन्हा लावला. शेवटी एक दिवस मी रजा टाकली, नारळाच्या वड्या केल्या आणि म्हटलं, चला, शाळेत जाऊन येऊ. आमच्या भागात तेव्हा जिकडे तिकडे नव्या इमारती उठत होत्या. खाडीकडची दलदल भरून तिथे बांबूंच्या परांच्या उभ्या राहिल्या होत्या, आणि रस्ता ओळखू येत नव्हता. सुलभा आता चौथी अ घेत होती. वर्गाच्या भिंतीवर वर्षाचा क्रम लावलेला होता, तो वन्संनी चष्मा पुसून वाचला. पुन्हा वाचला. मग विचारलं, "अपूर्णांक जूनमधून काढलेस?"

"हो बाई," सुलभा म्हणाली. ती आता हळू बोलत नव्हती. "आता वर्गात निम्मी मुलं या इमारतींवर काम करणाऱ्यांची आहेत. पावसाळ्यात पेरणीला सगळे गावी जातात, दसरा झाला की येतात. जूनमध्ये शिकवलं तर त्यांना कधीच मिळणार नाही. म्हणून अवघड ते दिवाळीनंतर घेते. कोळीवाड्यातल्यांसाठी शाळा सुटल्यावर वेगळं बसते."

वन्संनी मान हलवली. वड्यांचा डबा टेबलावर ठेवला, मुलांना दोन गणितं तोंडी घातली, आणि आम्ही निघालो. वाटेत त्या माझ्या पुढे पुढे चालत होत्या. मला वाटलं, लागलं असेल. इतक्या वर्षांच्या खटपटीने बसवलेला क्रम, आणि ही म्हणते काढला. घरी आल्यावर मी चहा केला. अर्धा कप झाल्यावर त्या म्हणाल्या, "मी तिथे असते ना, तर हे मला आणखी दोन वर्षं तरी दिसलं नसतं. मी जूनवरच अडून बसले असते." मग उरलेला चहा सावकाश संपवला, आणि "जरा पडते गं" म्हणून आतल्या खोलीत गेल्या.

माझ्या लग्नापासून मी वन्संना दुपारी झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने डोकावले तर भिंतीकडे तोंड करून गाढ झोपल्या होत्या, पाय पोटाशी घेऊन, लहान मुलीसारख्या. खाली रस्त्यावरून शाळा सुटलेल्या मुलांचा गलका वर आला, कुणीतरी कुणालातरी हाका मारत होतं. वन्सं हलल्या नाहीत. मी पंखा एका अंकाने कमी केला आणि दार लोटून घेतलं.